म्हशीखाली बसलं की उलटी: मेंदूतल्या एका फिरत्या सिस्टची केस

मी भूलतज्ज्ञ आहे, लोकांच्या भाषेत भूल देणाऱ्या मॅडम. ऑपरेशन सर्जन करतो, पेढे त्याला येतात आणि पेशंटला नंतर आम्ही आठवतसुद्धा नाही, कारण आठवू नये याचीच सोय आम्ही केलेली असते, त्यामुळे तक्रार नाही. पण ही केस मला माझ्या बाजूनं लिहायचीय. पेशंटला विचारलंय, तो लिहा म्हणाला. गाव आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

पेशंट ३८ वर्षांचा, पंढरपूरकडचा. चार म्हशी, डेअरीला दूध, थोडी शेती. गळ्यात तुळशीची माळ, घरात तीन पिढ्यांची वारी, अंडं तर सोडाच पण कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. आयसीयूतल्या सिस्टर लोकांनी पहिल्या रात्रीपासूनच त्याला माऊली म्हणायला सुरुवात केली, म्हणून मीही तेच म्हणते.

आमच्याकडे आला तो रात्री साडेदहाला. डोकं प्रचंड दुखतंय, सहा-सात उलट्या झाल्यात, हाक मारली तर डोळे उघडतोय, पण उत्तर द्यायला वेळ लावतोय. बरोबर बायको, आई, आणि बारावीतला पुतण्या. फाइल जाडजूड. सात महिन्यांची.

फाइल वाचण्याआधी मी बायकोला विचारलं, ताई, सुरुवातीपासून सांगा, कशानं वाढतं, कशानं कमी होतं. ती म्हणाली, "मॅडम, म्हशीखाली धार काढाय बसलं की ह्यास्नी उलटी हुती. मान खाली घालून म्हशीच्या अंगाला टेकवली की डोकं धरत्यात. उठून हुबं ऱ्हायलं की जरा बरं वाटतंय. आन मग आठ-आठ दिस काय बी नसतंय."

हे वाक्य फाइलमध्ये कुठेच नव्हतं. सात महिन्यांत एकाही कागदावर नाही. आणि माझ्या मते अर्धं निदान त्यातच होतं.

पहिला झटका मागच्या आषाढी वारीत आला होता. खुडूसच्या रिंगणात घोडे पळून झाल्यावर उडीचा खेळ चालू होता, टाळ घेऊन हा जोरात झुलत होता, मान झटकन एका बाजूला गेली आणि हा सरळ जमिनीवर. दोन मिनिटांत उठलाही. ऊन लागलं म्हणाले, उपाशी असेल म्हणाले, एकानं तर पाया पडून घेतलं. मग गावच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, तालुक्याच्या डॉक्टरांनी मायग्रेन म्हटलं, तिसऱ्यांनी मानेचा एक्सरे काढून पट्टा दिला. मी यातल्या कुणालाच नावं ठेवणार नाही, कारण आठ दिवस दुखणारं आणि आठ दिवस गायब होणारं डोकं बघून कुणीही हेच म्हणालं असतं. माझा राग एकाच गोष्टीवर आहे. डोळ्याच्या आतला पडदा टॉर्चसारख्या छोट्या यंत्रानं बघायला पाच मिनिटं लागतात आणि सात महिन्यांत तो कुणीही बघितला नाही. आमच्या इथे त्या रात्री बघितला तर दोन्ही डोळ्यांतल्या नसांना सूज. म्हणजे डोक्यातलं प्रेशर वाढलेलं, आणि तेही बरेच दिवस. ते तसंच राहिलं असतं तर नजर गेली असती.

सीटी स्कॅन मात्र झाला होता, एक महिना आधी. त्यात लिहिलं होतं की मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झाल्यात, कारण दिसत नाही, आणि डाव्या बाजूला एक छोटा पांढरा ठिपका आहे, जुनं कॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियम साठून कडक झालेली जागा. या ठिपक्यावरून कुणीतरी बरोबर ताडलं होतं की हा किड्याचा प्रकार असणार. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत किड्याच्या अळ्यांच्या गाठी. इथपर्यंत शाबासकी. पण मग त्यांनी अल्बेंडाझोल, म्हणजे किडा मारायची गोळी, सुरू केली, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, स्टेरॉइड न देता, आणि मोठ्या झालेल्या पोकळ्यांचा विचार न करता. दुसऱ्या दिवशी रात्री माऊली उलट्या करत आमच्या दारात.

आता इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. दोन मोठ्या, डावी-उजवी. त्यांच्या मध्ये, खाली, तिसरी, ती अगदी अरुंद फटीसारखी. मग एक बारीक नळी आणि तिच्या खाली चौथी. यांच्यात पाणी, म्हणजे सीएसएफ, दिवसाला साधारण ५०० मिली तयार होतं, पण एका वेळी डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून असतं सुमारे १५० मिलीच. म्हणजे दिवसातून तीनेक वेळा सगळं पाणी बदलतं. वाहतं आहे तोवर कुणाला पत्ताही नसतो. वाटेत कुठे बोळा बसला की मागे तुंबतं, पोकळ्या फुगतात, डोकं दुखतं, उलट्या, झोप, आणि वेळेत वाट मोकळी झाली नाही तर माणूस जातो.

माऊलीचा बोळा फिरता होता. तिसऱ्या पोकळीत पाण्यानं भरलेली एक पातळ पिशवी, म्हणजे सिस्ट, आत किड्याची अळी, कशालाही न चिकटलेली, तरंगणारी. मान खाली गेली की ती तोंडावर येऊन बसायची, वाट बंद. उभं राहिलं की सरकायची, वाट चालू. मान झटकली की गरगरणं, डोकेदुखी, उलटी, कधी सरळ कोसळणं, याला ब्रुन्स सिंड्रोम म्हणतात, लुडविग ब्रुन्स नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. त्यांच्याकडे सीटी नव्हता, एमआरआय नव्हता, फक्त पेशंटला नीट विचारलं होतं. माऊलीच्या बायकोनं ब्रुन्स वाचलेला नव्हता पण म्हशीखाली बसलेल्या नवऱ्याकडे लक्ष होतं.

सीटीत ती पिशवी का दिसली नाही? पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती पाण्याच्या बादलीत सोडली तर जसं दिसणार नाही, तसंच. आत पाणी, बाहेर पाणी, मधलं आवरण कागदाहून पातळ. एमआरआयमध्येसुद्धा साध्या सिरीजमध्ये चुकते, त्यासाठी अगदी बारीक कापांची एक वेगळी सिरीज घ्यायला सांगावं लागतं. ती त्या रात्रीच केली. तिसऱ्या पोकळीच्या मागच्या भागात, खालच्या नळीच्या तोंडाशी, १२ मिलिमीटरची गोल कड आणि तिच्या आत एका बाजूला ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं.

अल्बेंडाझोल त्याच रात्री बंद केलं, स्टेरॉइड सुरू केलं. यावर नातेवाईक नेहमी गोंधळतात, की किडा आहे तर किड्याची गोळी बंद का. औषध वाईट नाही हो. मेंदूच्या मांसात किडा असेल तर स्टेरॉइडच्या पांघरुणाखाली हेच औषध उत्तम काम करतं. पण मेलेला किडा जिवंत किड्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण आवरण फुटून आतलं बाहेर आलं की शरीर त्यावर तुटून पडतं, सूज येते. मांसात सूज आली तर बहुतेक वेळा भागतं. पाण्याच्या अरुंद वाटेत सूज आली तर वाट बंद होते, आणि वर ती पिशवी भिंतीला चिकटून बसते, मग काढताना रक्तस्राव. म्हणून लॅटरल (डाव्या-उजव्या मोठ्या) किंवा तिसऱ्या पोकळीतली सिस्ट असेल तर आधी दुर्बिणीनं काढा, त्याआधी किड्याचं औषध देऊ नका, असं अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांच्या गाइडलाइनमध्ये २०१८ पासून स्पष्ट छापलेलं आहे. रोग तोच, किडा तोच, जागा बदलली की उपचार उलटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेरॉइडनं माऊली बराच शुद्धीवर आला आणि वॉर्डात दुसरंच प्रकरण पेटलं. पुतण्यानं केसपेपरवरचं किड्याचं नाव मोबाइलवर टाकलं. आलं काय, तर 'डुकराच्या मांसातला जंत'. ते त्यानं आजीसमोर मोठ्यानं वाचलं. माझी राउंड तेव्हाच होती. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली, डबा तसाच बंद, आणि मला म्हणते, "पोरी, आमच्या घरात आजवर कुणी वशाट शिवलं न्हाई. हे कागदावरनं खोडा." माऊली पलंगावर डोळे मिटून पडलेला, त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की डोकेदुखीपेक्षा हे त्याला जास्त लागलंय.

मी स्टूल ओढून बसले. भूल द्यायच्या आधी पेशंटचं बीपी खाली आणायचं तर आधी आईचं आणावं लागतं हा माझा अनुभव आहे.

सांगितलं ते असं. यात दोन वेगळे आजार आहेत आणि मोबाइल दोन्हींची खिचडी करतो. पहिला: अळ्या असलेलं डुकराचं मांस कुणी कच्चं-अर्धकच्चं खाल्लं तर त्याच्या आतड्यात पट्टीसारखा लांबलचक जंत वाढतो, काही मीटर लांब. त्या माणसाला बहुतेक वेळा काही त्रास होत नाही, त्याला माहीतही नसतं. पण त्याच्या शौचातून हजारो अंडी बाहेर पडतात. दुसरा: ती अंडी दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, उघड्यावरच्या घाणीतून, सांडपाण्यावर वाढलेल्या कोथिंबिरीतून, न धुतलेल्या मुळ्या-गाजरातून, किंवा हात न धुता वाढणाऱ्याच्या हातातून, की ती आतड्यात फुटतात, रक्तात शिरतात आणि मेंदूत, डोळ्यात, स्नायूंत जाऊन पाण्याची गाठ करून बसतात. माऊलीला झालाय तो दुसरा. मांस खाऊन हा होतच नाही. उलट कच्चं सॅलड आवडीनं खाणाऱ्या शाकाहारी घरात आम्ही हा सर्रास बघतो. (किड्याच्या हिशोबात इथे डुकराच्या जागी माणूस आलेला असतो, अंडी खरं तर डुकराच्या पोटात जायची होती, पण हे वाक्य मी म्हातारीसमोर बोलले नाही, एवढी अक्कल आहे.)

मग प्रश्न आला की कुठे झालं, कुणाच्या हातचं खाल्लं. ते शोधायच्या फंदात पडू नका, मी म्हणाले. अंडं पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला बऱ्याचदा काही वर्षं लागतात. १९६१ साली डिक्सन आणि लिप्सकॉम्ब या दोघांनी ४५० केसेसचा अभ्यास छापला होता, त्यात बहुतेक जण भारतात नोकरी करून मायदेशी गेलेले ब्रिटिश सैनिक. घरी पोचल्यावर कैक वर्षांनी त्यांना फिट यायला लागल्या. माऊली वीस वर्षं वारी चालतोय, वाटेत लाखोंच्या पंगतीत जेवलाय, डेअरीवर, बाजारात, लग्नात जेवलाय. कोणता घास कसा काढणार? म्हातारीला हे पटलं की नाही सांगता येत नाही, पण डबा उघडला. कागदावर मी मराठीत एक ओळ हातानं लिहून दिली: मांस खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही. ती चिठ्ठी तिनं घडी करून बटव्यात ठेवली.

दुपारी सर्जन सरांनी घरच्यांना पर्याय सांगितले. एक, नुसता शंट टाकायचा, म्हणजे डोक्यातलं पाणी नळीनं पोटात सोडायचं. सोपं, पण बोळा आतच राहतो, आणि या आजारात शंट पुन्हापुन्हा तुंबतात, मग आयुष्यभर त्याच्या मागे धावा. दोन, कवटी उघडून मायक्रोस्कोपखाली काढायची. होतं, पण जखम मोठी. तीन, दुर्बीण. उजव्या बाजूला केसांच्या रेषेच्या मागे साधारण दीड सेंटिमीटरचं भोक, त्यातून पेन्सिलीएवढी दुर्बीण मेंदूतून मोठ्या पोकळीत, तिथून एका नैसर्गिक छिद्रातून तिसऱ्या पोकळीकडे. या छिद्राला मोन्रोचं छिद्र म्हणतात, एडिनबराच्या अलेक्झांडर मोन्रोंनी १७८३ मध्ये वर्णन केलेलं. पोकळ्या फुगलेल्या असतात हा रोग खरा, पण दुर्बिणीला फिरायला जागा त्यामुळेच मिळते. म्हणून सरांनी मला आधीच बजावलं, "मॅडम, मॅनिटॉल नको, उगाच पाणी उतरवू नका, मला जागा हवीय." आम्हा भूलवाल्यांचा हात डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की मॅनिटॉलच्या बाटलीकडे आपोआप जातो, म्हणून हे बजावणं.

हे तंत्र नवीन वाटतं पण कल्पना शंभर वर्षं जुनी. बॉस्टनमध्ये विल्यम मिक्स्टरनी १९२३ मध्ये एका बाळाच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला दुर्बिणीनं भोक पाडून तुंबलेलं पाणी मोकळं केलं होतं, मूत्रमार्गात वापरायची दुर्बीण घेऊन. पण प्रकाश अंधूक, चित्र धूसर, त्यामुळे ते मागे पडलं. हॅरल्ड हॉपकिन्स या शास्त्रज्ञांनी काचेच्या दांड्यांची भिंगं केली, छोटे कॅमेरे आले, तेव्हा कुठे ते परत उभं राहिलं. आपल्याकडे मुंबईत डॉ. चंद्रशेखर देवपुजारींसारख्या लोकांनी ते रुजवलं, आणि त्यांच्यासारख्यांकडे शिकलेले सर्जन आता जिल्ह्याच्या शहरांतही सापडतात.

ऑपरेशन तिसऱ्या दिवशी सकाळी. आणि सरांचा एक हट्ट, ज्याला मी आधी वैतागले होते: ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेण्याआधी परत एमआरआय. फक्त ती एक बारीक कापांची सिरीज. रेडिओलॉजीवाले कुरकुरले, परवाच तर केला म्हणाले. केला. आणि सिस्ट तिथे नव्हती. मागच्या बाजूची जागा मोकळी, आणि तीच गोल कड आता पुढे, मोन्रोच्या छिद्राच्या खालीच. दोन दिवसांत, पलंगावर पडल्यापडल्या, ती तिसऱ्या पोकळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आली होती. हे कळणं का महत्त्वाचं, तर ताठ दुर्बीण वाकत नाही. मागच्या सिस्टसाठी भोक आणखी पुढे, कपाळाकडे घ्यावं लागलं असतं, म्हणजे सरळ रेषेत मागे पोचता येतं. पुढच्या सिस्टसाठी नेहमीची जागा पुरते. जुन्या फोटोवर भरोसा ठेवला असता तर मेंदूतून चुकीच्या कोनात रस्ता केला असता.

भूल देताना अशा पेशंटमध्ये एकच भीती असते, ट्यूब घालताना तो खोकला तर डोक्यातलं प्रेशर क्षणात वर जातं. त्यामुळे सावकाश, खोल भूल, मगच ट्यूब. मनगटाच्या शिरेत नव्हे तर धमनीत एक बारीक लाइन, कारण मला बीपी दर ठोक्याला बघायचं होतं, दर पाच मिनिटांनी नाही. ऑपरेशन करताना आतून पोकळी धुवायला सलाइन नाही, रिंगर लॅक्टेट नावाचं द्रावण, आणि तेही अंगाच्या तापमानाला आणलेलं, थंड पाणी मेंदूला चालत नाही. मी स्वतः बाटलीला हात लावून बघते, सवयच आहे.

स्क्रीनवर पोकळी उघडली तेव्हा ओटीत सगळे गप्प झाले, दर वेळी होतात. आतलं सगळं मोत्यासारखं पांढरं, त्यात लाल झालरीसारखा कोरॉइड प्लेक्सस, झालर धरून पुढे गेलं की दोन निळसर शिरा एकत्र येतात, आणि तिथे मोन्रोचं छिद्र. छिद्राच्या वरच्या कडेला फॉर्निक्स, पांढरी कमान. याला धक्का लागला तर माणूस जागा होतो, बोलतो, पण नवीन काही लक्षात राहत नाही. म्हणून दुर्बीण त्या कडेवर टेकवायची नाही, हा नियम.

आणि छिद्रातून डोकावत होती ती. पुस्तकात तिला पूर्ण चंद्राची उपमा दिलेली आहे. मला विचाराल तर भिजलेल्या साबुदाण्याचा थोरला भाऊ. अर्धपारदर्शक, गुळगुळीत, आत एका कडेला पांढरा दाणा, आणि पाण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर हलकेच हलणारी.

सरांनी चिमटा पुढे नेला आणि ती गेली. खाली, आत, दिसेनाशी. धुण्याच्या पाण्याच्या धारेनंच तिला ढकललं होतं. सर म्हणाले, "पाणी बंद." सगळं थांबलं. मॉनिटरचा टीं-टीं एवढाच आवाज. अर्धं मिनिट गेलं असेल, साबुदाणा परत वर आला, छिद्राच्या तोंडाशी, जसा काही चौकशीला. या वेळी चिमटा नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाला नाकातून दूध द्यायची जी बारीक नळी असते ना, ती दुर्बिणीच्या आतल्या वाटेनं पुढे सोडली, मागे सिरिंज लावून हळूच ओढली, सिस्ट नळीच्या टोकाला चिकटली. आता ती १२ मिलिमीटरची आणि दुर्बिणीच्या आतली वाट दोन मिलिमीटरची, त्यातून बाहेर काढणं शक्यच नाही, म्हणून दुर्बीण, नळी, सिस्ट, सगळं एकत्रच मागे घ्यायचं. छिद्रातून निघताना ती फाटली, आतलं स्वच्छ पाणी बाहेर आलं. पूर्वी फाटण्याची फार धास्ती असायची, पण भरपूर धुतलं तर बहुधा काही बिघडत नाही हे आता अनुभवानं कळलंय. आवरण अख्खं बाहेर आलं. सरांनी ते वाटीत ठेवलं. ओल्या टिश्यू पेपरचा तुकडा वाटावा असं, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढा दाणा.

दुर्बीण परत आत. तिसऱ्या पोकळीच्या तळाला, दोन छोट्या गोल उंचवट्यांच्या पुढे, पातळ पडद्याला भोक पाडायचं, म्हणजे उद्या खालची नळी सूज येऊन बंद झाली तरी पाण्याला दुसरी वाट राहील. भोक मोठं करायला बारीक फुगा फुगवतात. त्या पडद्याच्या खाली मेंदूची मोठी धमनी धडधडत असते आणि आजूबाजूला हायपोथॅलॅमस. फुगा फुगला आणि माझ्या स्क्रीनवर नाडी ८२ वरून ७०, ५८, ४४. अशा वेळी अ‍ॅट्रोपिनची सिरिंज (नाडी वाढवायचं औषध) हातात असते, पण पहिलं औषध ते नाही. पहिलं औषध म्हणजे तोंड उघडणं. "सर, फुगा सोडा." त्यांनी का विचारलं नाही, सोडला. सात-आठ सेकंदांत नाडी परत ७५. दुसऱ्यांदा हळू, थोडाच फुगवला, या वेळी ६८ च्या खाली गेली नाही. अ‍ॅट्रोपिन तसंच राहिलं.

भोक पाडल्यापासून टाके घालेपर्यंत एक तास दहा मिनिटं. बाहेर पाणी काढायची नळी ठेवली, सावधगिरी म्हणून.

जागा झाला, हातपाय हलवले, नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी त्याला तीन शब्द दिले, कुलूप, लिंबू, सायकल, पाच मिनिटांनी विचारतो म्हणाले. माऊली म्हणे, त्यापेक्षा अख्खा हरिपाठ म्हणून दाखवू का? आई कौतुकानं बघतेय. सर म्हणाले, नको, हरिपाठ तुमचा लहानपणापासून पाठ आहे, तो जाणारच नाही, मला आजचं हवंय. पाच मिनिटांनी तिन्ही शब्द आले. लिंबू आधी आलं, पण आलं.

मग ताप. दुसऱ्या रात्री १०१, मान थोडी ताठ, घरचे घाबरले, मी पण जरा. नळीतलं पाणी तपासलं, पेशी वाढलेल्या पण जंतू नाहीत, म्हणजे किड्याच्या पाण्यानं आतून सूज आलेली. कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक, स्टेरॉइड चालू ठेवलं. दोन दिवसांत उतरला. पॅथॉलॉजीचा रिपोर्टही आला, चार शोषक आणि डोक्यावर हुकांसारख्या आकड्यांचं कडं, शंकाच नाही. सातव्या दिवशी घरी. अल्बेंडाझोल शेवटपर्यंत परत दिलं नाही, कारण मारायला जिवंत काही उरलंच नव्हतं, डावीकडचा पांढरा ठिपका हा केव्हाच मेलेला किडा. त्या ठिपक्यामुळे पुढे कधी फिट येऊ शकते हे मात्र बायकोला नीट सांगितलं, फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका.

घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी सांगितली होती, कुणाच्या पोटात जंत असेल तर तोच पुढच्याला देणार. आठपैकी सहा जणांनी दिली, सहाही निगेटिव्ह. थोरल्या काकांनी असला नमुना डबीत घालून द्यायला साफ नकार दिला, काकूंनी त्यांच्या मागोमाग. एका तपासणीत सगळे जंत सापडतातच असंही नाही, त्यामुळे आम्ही फार ताणलं नाही, दोघांना जंताचं औषध देऊन टाकलं, ते मात्र घेतलं.

माझ्या कामात एक बदल झाला तो सांगते. समजा याच माऊलीचं मधल्या महिन्यांत हर्नियाचं ऑपरेशन निघालं असतं. डोकं दुखतं, मायग्रेन आहे, एवढं सांगून तो माझ्यापुढे आला असता आणि मी सवयीनं पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल दिली असती. वर पाणी तुंबलेलं असताना खालून पाणी निघालं की मेंदू खाली सरकून श्वास थांबू शकतो. सात महिन्यांत असं ऑपरेशन निघालं नाही हे नशीब. आता मी प्रत्येकाला विचारते, डोकं दुखतं का, आणि दुखत असेल तर कशानं वाढतं, वाकल्यावर उलटी होते का. ज्युनिअर लोक हसतात, मूळव्याधीच्या पेशंटला मॅडम मान खाली घालायला लावतात म्हणून.

तीन महिन्यांनी एमआरआय झाला. पोकळ्या थोड्या लहान झाल्यात, पूर्ण नाहीत, तळाच्या भोकातून पाणी वाहताना दिसतंय, सिस्ट कुठेही नाही. डोळ्यांची सूज गेली. धार आता बायको काढते, त्याला काढू देत नाही, आम्ही परवानगी दिली असूनही.

जूनमध्ये तो विचारायला आला, वारीला जाऊ का. सर म्हणाले जा, पण यंदा उडी नाही, मान झटकणं नाही. तोंड पाडून गेला. पुढे खुडूसहून पुतण्याचा व्हिडिओ आला, पंधरा सेकंदांचा, धूळ, टाळांचा गजर, सगळी पोरं उड्या मारतायत. त्यांच्या मधोमध माऊली ताठ उभा. या वर्षी दिंडीनं त्याच्या गळ्यात वीणा दिली होती.